लांब पल्ल्याची आधी

जळगावला मी ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, त्या घरमालकांनी मला सकाळी निघताना कधी "सांभाळून जा" म्हटलं नाही. मी जिना उतरून फाटकाशी आले की पडवीतल्या खुर्चीतून खणखणीत आवाज यायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वरच्या मजल्यावरून सुटणारी, विमा कार्यालयमार्गे संध्याकाळी परत येणारी ताई आज पुन्हा उशिरा सुटत आहे." समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पहिल्याच आठवड्यात मी दुसरी खोली बघायचं ठरवलं होतं. पुढे पुढे मात्र एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर माझंच पाऊल फाटकात अडखळायला लागलं.

हे घरमालक, नाना, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे, माइकसमोर गेली. नोकरीतून निवृत्त झाले, पण आवाजाला निवृत्त करायचं कुणाला सुचलं नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, गाडी मिळालेले आणि गाडी चुकलेले. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत, गावं राहत. दूधवाला 'आसोदा', धुणीभांडीवाल्या मावशी 'म्हसावद', आणि मी एरवी ताई असले तरी माझ्यावर रागावले की माझं गाव, 'अमळनेर'. स्वतःच्या लग्नासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा सासऱ्यांना पहिला प्रश्न त्यांनी केला तो, तुमच्या गावाला शेवटची गाडी कधी येते, हा. त्यांच्या बायकोने, माईंनीच मला हे सांगितलं. वर म्हणाल्या, "मनं नाव मंग इचारं."

माईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात जाऊन अर्धा दिवस डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागे. मशीन रक्त धुऊन परत देतं, म्हणून माणूस जगतो. एक खेप चुकली तर अंगावर सूज येते, आणि खेपा चुकतच गेल्या तर पुढचं बोलायला नको. जळगावच्या उन्हाळ्यात माई पाणीसुद्धा मोजून प्यायच्या. त्यांचा चहाचा कप भातुकलीतला वाटावा एवढा होता, आणि तो त्या इतक्या सावकाश संपवायच्या की माझा मोठा कप आधी रिकामा व्हायचा.

त्यांची मुलगी इंग्लंडात आणि मुलगा अमेरिकेत. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आपल्याकडे अशा वेळी जेवलात का, थंडी आहे का, नातू काय करतो, एवढं विचारून झालं की लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. नाना तसे नव्हते. ते मुलीला विचारायचे, "तुमच्याकडे माणूस आजारी पडला, तर घराच्या दारापासून डॉक्टरच्या दारापर्यंत काय काय होतं, पहिल्यापासून सांग." ती बिचारी सांगायची. मग मुलाला तेच. समोरच्यांचा मुलगा जर्मनीला होता, तो दिवाळीत आला तर फराळाच्या ताटासकट त्याला पडवीत बसवून तेच. मी आरोग्यविम्याचे दावे तपासायचं काम करते. दिवसभर लोकांची पित्ताशयं आणि गुडघे वाचून घरी यावं, तर जिन्यातच नाना विचारायचे, "ताई, तुमची ती कॅशलेस म्हणजे आगाऊ आरक्षणच ना? मग माणूस दारात आल्यावर पुन्हा तिकीट का विचारता?" मला राग यायचा, आणि "नियमच तसा आहे, नाना" म्हणत मी जिना चढायची.

हळूहळू त्यांचे निकाल तयार झाले. इंग्लंड म्हणजे सगळ्यांना फुकट गाडी, नाव लिहिलं की येणार नक्की, कधी ते विचारायचं नाही. मुलगी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कधीची त्या फलाटावर बसली होती. अमेरिका म्हणजे गाड्या चकाचक, सीटा मऊ, पण पायरीवर पाय ठेवायच्या आधी वाहक विचारतो, पास कोणत्या कंपनीचा. जर्मनीत सगळ्यांनी पगारातून पास काढायचा, ज्याचा पगार मोठा त्याने मोठा, आणि गाडी मात्र सगळ्यांना तीच. हा निकाल सांगताना नानांचा आवाज जरा मऊ व्हायचा. "आणि आपली?" मी विचारलं. ते म्हणाले, "आपली गाडी फुकट उभी आहे ताई. स्टँड कोसभर लांब बांधलाय."

एका रविवारी मुलीने सांगितलं की तिच्या शेजारची म्हातारी डायलिसिसला जाते, तर दवाखान्याची गाडी तिला न्यायला दारात येते आणि परत आणून सोडते. नाना खुर्चीतून उठले.

"दारात? आणि सोडायला पण?"

"हो नाना. पण कधी कधी ती बिचारी तास तास वाट बघत बसते त्या गाडीची."

"बसू दे. येते ना?"

पुढे कित्येक दिवस ही बातमी त्यांनी आसोद्याला सांगितली, म्हसावदला सांगितली, इस्त्रीवाल्याला सांगितली. मला तर इतक्या वेळा, की त्या इंग्लिश म्हातारीला मी रस्त्यात ओळखलं असतं. मला वाटलं, हेही एक वेडच. पण मग नानांना 'चोपडा' भेटली.

शनिवारी सुट्टी असली की मी माई-नानांबरोबर दवाखान्यात जायची. तिथे नाना रोग्यांनाही गावांच्याच नावाने हाका मारत. चोपडा म्हणजे चोपड्याच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी एक तरुण सून. घरी दोन लहान लेकरं. एवढ्या लांबून दोन गाड्या बदलून यायची. नाव नोंदवायला पोहोचली तोवर सकाळचे नंबर भरले होते, म्हणून तिला दुपारची शिफ्ट मिळाली होती. शिफ्ट संपून ती चोपड्याला पोहोचेपर्यंत तिच्या गावाची शेवटची गाडी गेलेली असायची. मग कधी स्टँडवरच्या बाकावर, कधी कुणा लांबच्या नातेवाइकाकडे. नातेवाईकसुद्धा किती वेळा दार उघडतील? तिने खेपा चुकवायला सुरुवात केली. त्या शनिवारी आली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता.

"मशीन फुकट शे नाना," ती म्हणाली, "पन घर जावाले गाडी भेटत नही. आते येनं बंदच करी देसू."

येणं बंद म्हणजे काय बंद, ते तिलाही कळत होतं.  नाना व्हरांड्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हे सुरू होणार.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! सकाळच्या शिफ्टचे बहुतेक प्रवासी जळगाव शहरातले आहेत. त्यांना घरी जायला रिक्षा केव्हाही मिळते. लांब पल्ल्याची गाडी आधी सुटते, हा नियम आहे. तरी शहरातल्या कुणी एकाने आपला सकाळचा नंबर चोपड्याला द्यावा, ही विनंती."

कुणी हललं नाही. एक दालमिलवाले काका होते, ते म्हणाले, "नाना, हे स्टँड नाही. आम्ही आधी नंबर लावलाय. सकाळी आटपलं तर उरलेला दिवस आपला असतो. आजारी माणसाला तेवढंच." त्यांचंही खोटं नव्हतं. इन्चार्ज सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की एकाला उठवून दुसऱ्याला झोपवणार नाही, कुणी आपणहून बदललं तर डॉक्टरांना विचारून जुळवून देईन, आणि इथे ओरडायचं नाही.

घरी आल्यावर नाना पडवीत येरझारा घालत राहिले. शहराला माणुसकी नाही, इंग्लंडात असतं तर असं झालं नसतं, जर्मनीत तर नाहीच नाही. माई मेथी निवडत बसल्या होत्या. डायलिसिसच्या दिवशी त्यांच्या अंगात जीव नसे, तरी हाताला काहीतरी लागे.  मग मान वर न करता म्हणाल्या,

"लोकेसले काय सांगतस? पहिले मना नंबर द्या."

नाना थांबले. "तुझा?"

"मना सकायनाच शे ना?"

"अगं, पण दुपारचं ऊन... तुला झेपायचं नाही."

"उनना नाव नका लेवा. तुमले दुपारले झोप लागस म्हनीसन सकायना नंबर लिधा व्हता तुम्ही." माई हसल्या. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तिना लेकरे घर वाट देखतस. मनी वाट कोन देखस? तुम्ही तं मनाबरोबरच ऱ्हातस."

मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. खरं सांगते, सबंध व्हरांड्याला सुनावणाऱ्या या माणसाला सकाळचे नंबरवाले शहरातले म्हणजे आपणही, हे एवढा वेळ सुचलंच नव्हतं, आणि मलाही नाही. सोमवारी सकाळी मी फाटकातून निघाले तेव्हा पडवीतून आवाज आला नाही. नाना खुर्चीत बसून दुपारच्या उन्हाकडे आतापासूनच बघितल्यासारखे बघत होते. पुढच्या खेपेला त्यांनी सिस्टरांना सांगून अदलाबदल करून टाकली, आणि चोपडा पहाटेची पहिली गाडी धरून यायला लागली.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटेल, पण नानांनी घोटाळा केलाच. त्यांनी हिशेब मांडला तो डेपोचा. मशीनवरून सुटली की रिक्षा, रिक्षातून स्टँड, की लगेच समोर गाडी, एक मिनिट वाया नाही. पहिल्याच दिवशी ते चोपडाला मशीनवरून जवळजवळ ओढतच घेऊन गेले. गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. वाहकाने धरलं म्हणून वाचली. नाना तिला परत घेऊन आले तेव्हा त्यांचाच चेहरा पांढराफटक होता.

सिस्टर कडाडल्या, "नाना, रक्त धुऊन झाल्यावर माणूस बसला पाहिजे, बीपी बघितलं पाहिजे. माणूस म्हणजे काय एसटी आहे का, डिझेल भरलं की निघाली?"

 त्या दिवशी नाना घरी जेवले नाहीत. आणि तेव्हापासून त्यांच्या वेळापत्रकात एक नवी ओळ आली, विसावा. चोपडाने मशीनवरून उठून व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं, सिस्टरांनी मान हलवली की निघायचं. माई तेव्हा दुपारच्या शिफ्टची वाट बघत त्याच बाकावर असत. दोघींची तिथे गट्टी जमली. एकीचं रक्त धुऊन झालेलं, दुसरीचं व्हायचं. माई तिला मोजून पाणी कसं प्यायचं ते शिकवत, आणि ती माईंना लेकरांच्या खोड्या सांगे.

दालमिलवाले काका महिनाभर नानांशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी आपला सकाळचा नंबर पारोळ्याकडच्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकला. कारण विचारलं तर म्हणाले, "दुपारी इथला एसी बरा चालतो."

तरी एक अडचण उरलीच. विसावा घेतल्यावर स्टँडवर पोहोचायला उशीर व्हायचा, आणि गंमत बघा, चोपड्याची गाडी स्टँडवरून सुटून पुन्हा दवाखान्याच्या फाटकासमोरूनच जायची. तिथे थांबा नव्हता. रिक्षा इकडून स्टँडकडे धावायची आणि गाडी तिकडून यायची, आणि दोन-तीनदा तर त्यांची रस्त्यातच गाठ पडली. नाना रिक्षातून हात करायचे. गाडी निघून जायची, आणि चोपड्याहून पुढची गाडी चुकायची भीती पुन्हा उभी.

अशातच एके दिवशी, मला सणाची सुट्टी होती म्हणून मीही गेले होते, तेव्हा चोपडाचे सासरे आले. आबा म्हणत त्यांना सगळे. डोक्याला रुमाल, आणि खांद्यावर केळीचा अख्खा घड. ज्या लोकांनी आपल्या सुनेला सकाळचा नंबर दिला, त्यांच्यासाठी स्वतःच्या मळ्यातला निवडून कापलेला. त्यांनी तो घड व्हरांड्यात बाकावर ठेवला आणि हात जोडले. "आमना मयान्या केयी शेतस. बठ्ठा जन खा."

सिस्टर आतून धावत आल्या. किडनीच्या रोग्याला केळं म्हणजे विष, त्यातलं पोटॅशियम त्याच्या रक्तातून बाहेर पडत नाही, छातीचा ठोका बंद पडू शकतो. आबांची सून कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, तुमले कितला येळा सांगं, केयी आम्हले बंद शे!"

आबांनी रांगेने बसलेल्या सगळ्या रोग्यांकडे बघितलं. "बठ्ठासले बंद?"

"बठ्ठासले," माई म्हणाल्या.

तो माणूस इतका हिरमुसला की कुणाला हसावं का रडावं कळेना. ज्या मुलखात पाहुण्याच्या हातावर आधी केळं ठेवतात, तिथे आभार मानायला माणूस दुसरं आणणार तरी काय? शेवटी दालमिलवाले काकाच म्हणाले, "आबा, वास तर घेऊ द्या." आणि खरंच सगळ्यांनी त्या घडाचा वास घेतला.

नानांच्या डोक्यात मात्र चक्र फिरलं होतं. घडाचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, रिक्षा केली, आणि आम्ही थेट स्टँडवर, त्यांच्या जुन्या नियंत्रण कक्षात. चालक-वाहक जमले. नानांनी प्रत्येकाच्या हातात केळं दिलं आणि सगळ्यांची तोंडं भरल्यावर बोलायला सुरुवात केली. ही केळी कुणासाठी आली होती, त्यांना ती का खाता येत नाहीत, फाटकासमोरून गाडी कशी निघून जाते, सगळं. शेवटी म्हणाले, "इंग्लंडात गाडी दारात येते. मी दारात मागत नाही. जाता जाता फाटकाशी थांबा, एवढंच."

खिडकीमागे आता एक तरुण नियंत्रक असतो. तो म्हणाला, "नाना, विनंती थांबा माझ्या हातात नाही. वर लिहावं लागतं."

"लिही. पण तोवर?"

चोपडा गाडीचा चालक केळीची साल टोपलीत टाकत म्हणाला, "तोवर ब्रेक तर माझ्या पायात आहे ना."

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. विनंती थांब्याची मंजुरी त्यानंतर यथावकाश आली, पण ब्रेक त्याआधीच लागायला लागला होता. नाना आता मला रविवारी फोन करतात, म्हणजे इंग्लंड, अमेरिका आणि धुळे असे तीन कॉल होतात. मलाही तोच प्रश्न, "तुमच्याकडे सिव्हिलच्या फाटकाशी गाडी थांबते का? साक्रीवाल्यांचं काय? शिरपूरवाल्यांचं?" मी आता बघून ठेवते, कारण विचारणार हे माहीत असतं. परवा मी त्यांना म्हटलं, नाना, इतकी वर्षं चौकशी केलीत, शेवटी कोणत्या देशाची व्यवस्था चांगली ठरली? ते म्हणाले, "ताई, प्रत्येक ठिकाणी एक फाटा राहतोच, जिथे गाडी पोहोचत नाही. आपला कोणता, तो शोधून काढायचा, आणि तिथे जाऊन हात दाखवायचा." माई मागून म्हणाल्या, चोपडाची धाकटी शाळेत जायला लागली. मला एकदम बरं वाटलं.

जळगाव सोडण्याआधीचा माझा शेवटचा शनिवार मला विसरता येत नाही. केळी वाटून आठवडाही झाला नव्हता. गाडी खरंच थांबते का, ते अजून कुणाला माहीत नव्हतं. माई आणि चोपडा बाकावर शेजारी बसलेल्या, सिस्टरांनी मान हलवलेली. नाना फाटकात उभे, हातात फोन, फोनमध्ये इंग्लंडातली मुलगी. तिला दाखवायचं होतं ना. "थांब, येईल, आत्ता येईल," असं ते तिला सांगत होते, आणि रस्त्याकडे बघण्याच्या नादात फोन खाली झुकला होता म्हणून तिला बहुतेक आमच्या रस्त्याची धूळच दिसत असावी.

लाल गाडी वळणावर दिसली. वेग काही कमी होईना. चोपडाने माईंचा हात घट्ट धरला.  आणि मग ब्रेकचा तो कर्कश आवाज आला, गाडी फाटकाच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली, आणि वाहकाने आतून दार उघडलं.

नानांनी तोंड उघडलं. त्यांचा हक्काचा क्षण होता. पण आवाज फुटेना. हजारो गाड्या त्या आवाजाने लावल्या होत्या, ही एकच राहिली. फोनमधून मुलगी विचारत होती, "नाना? आली का गाडी? नाना?"

तेव्हा बाकावरून माई उठल्या. दुपारची शिफ्ट व्हायची होती, अंगात त्राण नव्हतं, तरी भिंतीला हात टेकून सरळ उभ्या राहिल्या. सगळा संसार ज्यांनी ती वाक्यं ऐकली होती, त्यांना ती पाठ होती. बारीक, पण स्पष्ट आवाजात, आपल्या बोलीत नाही, नानांच्या मराठीत त्या म्हणाल्या,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चोपडा जाणारी गाडी दारात लागली आहे."

चोपडा चढली. खिडकीत बसून तिने हात केला, वाहकाने दोनदा बेल दिली आणि गाडी तिच्या लेकरांकडे निघाली.